तीनच्या चहाची टोपी

खुंटी अजून जागेवर होती. पत्रे उतरवलेले, चौकटी उपसून लिंबाच्या बुंध्याला टेकवलेल्या, बाकी भिंती भुईसपाट. पण मधल्या खोलीची एक भिंत तेवढी उभी, आणि तिच्यात ती सागवानी खुंटी. खुंटीखाली चुन्यावर काळपट तेलकट डाग. तो डाग टोपीचा. इतक्या वर्षांत त्या भिंतीला कितीदा तरी चुना लागला असेल आणि डाग दर वेळी पुन्हा वर आला असेल. टोपीवाल्याचा स्वभावही तसाच होता. कुठंही असला तरी वर येऊन बसायचा.

तिसगावला मी आलो होतो धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, नातवाच्या साखरपुड्याला. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेची जुनी घरं पाडतायत, असं पंगतीत कुणीतरी बोललं. म्हणाला, तुमचं ते दुष्काळातलं हापिस बी गेलं बघा. मी हात धुतले आणि निघालो. जिलेबी ताटात तशीच राहिली. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला जुन्या जागेची ओढ. ओढ कसली? दुश्मनाच्या दहाव्याला माणूस खात्री करून घ्यायला जातो, तसा गेलो.

टोपी ज्याची, त्याचं नाव मी सांगणार नाही. ऑफिसात सगळे त्याला नाना म्हणायचे, तेवढं पुरे. त्याला 'ते' असंही म्हणणार नाही. तोंडावर 'नाना, तुम्ही' म्हणून झालंय. कागदावर तरी तो 'तो'च राहील. तो हेडक्लार्क होता आणि मी रोजंदारीवरचा कारकून, नुकताच मॅट्रिक झालेला. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं रस्त्यांची कामं काढली, तेव्हा त्या कामांचं हे ऑफिस भाड्याच्या घरात उघडलं. पुढच्या खोल्यांत ऑफिस, मागच्या खोल्यांत नानाचा संसार, मधे शेणानं सारवलेलं अंगण. आणि तिथून थोड्याच अंतरावर, पाथर्डीच्या अंगाला, रस्त्याच्या कडेनं खडी फोडायला बसलेल्या बाया. त्यांत माझी आई.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. खळीचा, शाईचा, दाराला लावलेल्या ओल्या गोणपाटाचा, आणि गुळाच्या चहाचा. साखर मिळायची नाही. शिपाई इस्माईलचाचा रॉकेलच्या स्टोव्हवर गुळाचा काळा चहा करायचे, त्यामुळं त्या चहात थोडं रॉकेलही असायचं. वारा फिरला की कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचा भाजक्या पिठासारखा वास आत यायचा. आणि दिवसभर एकच आवाज, हातोड्यांचा. त्या सगळ्या हातोड्यांत आईचा मला ओळखू यायचा, असं मी पुढं मुलांना सांगत आलो. ते खोटं आहे. कुणाचाच ओळखू यायचा नाही, म्हणून तर तिथं बसून काम करता यायचं.

दुष्काळात माणसं हसत नव्हती असं ज्याला वाटतं, त्यानं दुष्काळ पाहिलेला नाही. आम्ही फार हसायचो. साहेब जीप घेऊन फिरतीला गेले की ऑफिस आमचं. नकाशे काढणाऱ्या ट्रेसरच्या शर्टाचं टोक खुर्चीला बांधून ठेवायचं आणि 'साहेब आले' म्हणून ओरडायचं. लांब माळावर धुरळा उठला की पैज लागायची, जीप आहे की एसटी. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला चहा होईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घालायचा. इस्माईलचाचा बहुधा हरायचे आणि वारा घालता घालता उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे.

पण खरा खेळ तीनच्या चहाला. नाना खुंटीवरची काळी टोपी काढून टेबलावर उताणी ठेवायचा. ती उचलून जो डोक्यावर घालील, त्यानं कुणाची तरी नक्कल करायची. नियम एकच, आणि तो नानानंच घातलेला: ज्याची नक्कल, त्यानं आधी हसायचं. चिडला, तर आठवडाभर त्यानं टोपीला रोज ब्रश मारायचा. बहुतेक वेळा टोपी नानाच उचलायचा. आणि खोटं बोलून सूड पुरा होत नाही, म्हणून सांगतो, तो फार गुणी होता. जीपमधून उतरताना साहेबांची धरलेली कंबर, बाजारातल्या बोंबीलवालीची घासाघीस, मुकादमाची शिवी, तीही शिवी न देता. सगळं तो खुर्चीवरून न उठता उभं करायचा. माझीही नक्कल त्यानं केली होती, नवा कोट घातल्यासारखा जपून चालणारा मॅट्रिक. मी आधी हसलो होतो, नियमाप्रमाणं.

त्याच्या स्वतःच्याही लकबी होत्या. बोलण्याआधी दातात अडकलेली सुपारी ओढल्याचा 'च्च' असा आवाज. मग घसा साफ. मग 'आता असं आहे'. आणि चहा आला की खुर्चीतूनच मान मागच्या अंगणाकडं वळवून हाक, "अगंऽ, ऐकू येतंय का? तांब्या राहिला." आतून बायकोचा बारीक आवाज यायचा, "आलेऽ हो." मागच्या दाराशी बांगड्या वाजायच्या, तांब्या उंबऱ्यावर टेकायचा. ती बाई मी कधी नीट पाहिली नव्हती. आमच्यासाठी ती म्हणजे बांगड्या आणि 'आले हो'.

घरी आमचा खेळ वेगळा होता आणि त्याची मालकीण आई. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. आई हुमानं घालायची. हुमान म्हणजे कोडं. तिचा रिवाज असा, की सकाळी कामावर निघताना डोक्यावर टोपलं घेऊन दारात वळायचं आणि हुमान टाकायचं. उत्तर संध्याकाळी, भाकरी तव्यावर असताना. दिवसभर सुमन आणि मी डोकं खाजवायचो. हुमानं तिची तीच रचायची. एकदा म्हणाली, "दिसभर मार खातंय, रडत न्हाई. मग त्याच्या छातीवरनं मोटार जाती." संध्याकाळी तिनं पदराच्या गाठीतून खडीचे गुळगुळीत तुकडे काढून सुमनपुढं टाकले. हे उत्तर, आणि हेच तुझे खेळायचे खडे. सुमन मग दारात बसून ते खडे वर उडवायची आणि हाताच्या पाठीवर झेलायची. तव्यावर रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, तिचा तो उग्र वास, खड्यांचा आवाज, आणि या सगळ्यावरून चाललेलं आईचं बोलणं. तिच्या बोलण्याला ठेका होता. वाक्याच्या शेवटी 'वो' लांबवायची, हात मनगटातून हवेत फिरवायची. कामावरच्या बाया भाकरी खायला तिच्याभोवतीच बसायच्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी तिनं हुमान टाकलं. "दात न्हाईत तरी चावतंय. पाय न्हाईत तरी गावभर हिंडतंय. एकदा भायेर पडलं की धन्याच्या घरी माघारी येत न्हाई. सांगा काय?" सुमन म्हणाली, वारा. आई म्हणाली, वाऱ्याला कुठला आलाय धनी, आणि हसत निघून गेली.

त्या दिवशी कामावर पाण्याचा टँकर आला नव्हता. आदल्या दिवशीही आला नव्हता. बायांनी आईलाच पुढं घातलं, बोलणारी तीच म्हणून. दुपारी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, केसांवर आणि पापण्यांवर पांढरी धूळ. माझ्याकडं तिनं मुद्दाम पाहिलं नाही. आपल्यामुळं पोराला खाली बघायला लागू नये, एवढंच तिच्या मनात असणार. नानाला म्हणाली, "सायेब, बाया उनात बसत्यात त्याचं काय न्हाई वो. पन ल्हान लेकरं हायती. त्यास्नी तरी पानी पायजे वोऽ." मधेच धुळीनं तिला खोकला आला. तिनं हात पदराला पुसले. नानानं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. बघतो बाई, म्हणाला, उद्या टँकर येईल. तिनं हात जोडले आणि गेली.

म्हणजे आम्हाला वाटलं, गेली. चहा आला. नानानं टोपी उताणी ठेवली आणि स्वतःच उचलून घातली. मग तिच्यावरून टॉवेल घेतला, पदरासारखा. "सायेब, पानी पायजे वोऽऽ." हुबेहूब आई. तो खोकला, ती हवेत फिरणारी मनगटं, पदराला पुसलेले हात. ती माझी आई आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी सगळे हसले. मी हसलो नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. लिंबाखाली आमचा पाण्याचा रांजण असायचा, आणि आई पाणी प्यायला तिथं थांबली होती. पेला भरून ओठांपाशी नेलेला, आणि ती तशीच उभी. ही आत कोण बाई बोलतेय, हे आधी तिला कळलंच नसावं. मग कळलं. पाणी उष्टं झालं नव्हतं. तिनं ते परत रांजणात ओतलं, पेला झाकणीवर पालथा ठेवला आणि तहानलेलीच उन्हात चालू लागली.

टँकर दुसऱ्या दिवशी आला. नानानंच धावपळ करून तो आणवला. हे सांगितलं नाही तर मी खोटा ठरेन; पण त्याचं हे चांगलं वागणं मला त्याच्या वाईटाहून जास्त झोंबतं. नुसताच दुष्ट असता तर मी त्याला कधीच विसरून गेलो असतो.

त्या संध्याकाळी भाकरी तव्यावर फुगली, आणि उत्तर आलं नाही. सुमननं विचारलं, तर आई म्हणाली, "इसरले." दुसऱ्या सकाळी टोपलं घेऊन निघाली, दारात वळलीच नाही. त्यानंतरही नाही. आणि खरा घाव तर पुढंच होता. आई लोकांपुढं 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला लागली. पाणी आहे. पोरगी घरी आहे. एकेक शब्द जपून ठेवायची, चिखलात पाय टाकल्यासारखा, आणि अर्ध्या वाक्यात थांबायची. बायांनी पुन्हा पुढं घालायचं म्हटलं तर म्हणायची, दुसरं कुनी जा. जेवणाच्या वेळी बाया सवयीनं तिच्याभोवती बसायच्या, वाट बघायच्या, आणि हळूहळू उठून दुसरीकडं जायच्या. आमच्या घरात रेडिओ नव्हता, बाजा नव्हता. एक आईचं बोलणं होतं, ते गेलं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला कळत होतं. नानाची नोकरी घालवणं माझ्या हातात नव्हतं, आणि मला ती घालवायचीही नव्हती. त्यानं आईचं बोलणं नेलं होतं. मला त्याचं बोलणं न्यायचं होतं. तेवढंच. जास्त नाही, पण कमी तर मुळीच नाही.

त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच होतं. मी त्याला पाठ करायला घेतला. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर मामलेदार झालो असतो. सायकलवरून घरी जाताना वाटेतल्या बाभळींना 'च्च' करत जायचो. दिवेलागणीला सुमनपुढं नाना व्हायचो आणि सुमन चुका काढायची. दादा, सुपारी लई मोठी झाली. दादा, मान आधी फिरवायची, मग हाक. आई चुलीकडं तोंड करून पाठमोरी. कितीतरी दिवस ती पाठ हलली नाही. मग एका संध्याकाळी मी मान वळवून हाक मारली, 'अगंऽ, ऐकू येतंय का? तांब्या राहिला,' आणि पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, पदर तोंडात कोंबून. तव्यावरची भाकरी पार करपून गेली. त्या करपलेल्या मिलोचा वास मला अजून कुठल्याही अत्तराहून बरा वाटतो.

हसून झाल्यावर तिनं विचारलं, "बायकूला रोज असंच बोलवतो का रं?"

मी म्हटलं, असंच.

"हाक गोड हाय," ती म्हणाली आणि पुन्हा चुलीकडं वळली.

मग तो दिवस आला. साहेब नगरला मीटिंगला गेलेले. बाहेरच्या कामांवरचे काही ओव्हरसीयर चहाला थांबलेले. पाहुणे बघून नानाला जोर चढला होता. त्यानं टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आज कोण उचलतो बघू. नेहमीप्रमाणं स्वतःच हात पुढं करणार, तेवढ्यात मी उचलली. टोपीला खोबरेलाचा आणि घामाचा वास येत होता. ती मला थोडी सैल झाली. मी त्याच्या टेबलाशी उभा राहिलो आणि 'च्च' केलं. घसा साफ केला. 'आता असं आहे' म्हटलं.

सगळ्यांच्या माना नानाकडं वळल्या. त्याची नक्कल आजवर कुणी केली नव्हती. तो आधी हसला, नियमाप्रमाणं, आणि मोठ्यानं हसला. मग बाकीच्यांना मोकळीक मिळाली. मी पुढं गेलो. दारातल्या बाईचं गंभीरपणे ऐकणारा नाना केला. बघतो बाई, म्हणणारा नाना केला. ती गेली का हे मान लांब करून बघणारा, मग टॉवेल डोक्यावर घेणारा नाना केला. आईची नक्कल मी केली नाही. तिचा एक शब्द तोंडातून काढला नाही. मी फक्त टॉवेलाखालून एकेकाच्या तोंडाकडं बघणारा नाना केला, 'हसलास का? तू हसलास का?' असं डोळ्यांनी विचारत हिंडणारा, हसू मागून खाणारा. खोलीतलं हसू बदललं. आता ते त्याच्यासोबतचं राहिलं नव्हतं. ट्रेसरनं तर टेबलावर डोकंच टेकलं.

आणि शेवटी मी मान अंगणाकडं वळवली. "अगंऽ, ऐकू येतंय का? तांब्या राहिला."

"आलेऽ हो," आतून आवाज आला.

बांगड्या वाजल्या. ती तांब्या घेऊन मागच्या दारात आली आणि बघते तर तिचा नवरा खिडकीशी मिटल्या तोंडानं बसलेला, आणि त्याची टोपी घातलेला एक परका पोरगा खोलीच्या मधोमध. एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तांब्या कसाबसा उंबऱ्यावर ठेवून आत पळाली. ओव्हरसीयर खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. इस्माईलचाचांनी गळ्यातल्या रुमालानं डोळे पुसले. नाना पुन्हा हसायला लागला. सगळ्यांचं हसून झालं तरी तो हसतच होता. मग उठला, माझ्या डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि खुंटीला अडकवली.

ती टोपी त्यानंतर खेळायला खाली आली नाही. त्यानं 'आता असं आहे' म्हटलं की कुणीतरी ओठ चावायचं, आणि तो अर्ध्या वाक्यात थांबायचा, थेट आईसारखा. सुपारी त्यानं सोडली. चहा आला की स्वतः उठून अंगणातून तांब्या घेऊन यायचा. ती हाक मी पुन्हा ऐकली नाही. मला वाईट वाटलं का? नाही. जेवण गोड लागायला लागलं.

त्याच दिवशी संध्याकाळी घरी सगळं सांगितलं होतं. आईनं भाकरी थापता थापता ऐकलं. हसली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "बोल."

मी म्हटलं, सगळं बोललो की.

"तसं न्हवं. त्या हुमानाचं उत्तर. तोंडातनं गेलेला बोल. दात न्हाईत तरी चावतोय, धन्याच्या घरी माघारी येत न्हाई."

दुसऱ्या सकाळी ती दारात वळली आणि तिनं नवीन हुमान टाकलं. ते काय होतं, मला आठवत नाही. ती वळली एवढंच आठवतं. सूड घेऊन काही मिळत नाही असं शहाणी माणसं सांगतात. मला माझी आई परत मिळाली.

पुढं कामं बंद झाली, ऑफिस उठलं. नाना राहुरीकडं बदलून गेला. मी नगरला कायम झालो, संसार केला, निवृत्त झालो. आई शेवटपर्यंत 'हाय' आणि 'न्हाई' म्हणत, बडबडतच गेली. आणि नाना मी सांभाळून ठेवला. लग्नात, बारशात, ऑफिसच्या निरोप समारंभात कुणीतरी म्हणायचंच, नाना करा. नातवंडंसुद्धा 'च्च' करतात. तो कुणाचा, हे त्यांना माहीत नाही. धान्याला ऊन दाखवतात तसा मी माझा राग अधूनमधून बाहेर काढला, म्हणून त्याला कीड लागली नाही.

तर खुंटीकडं बघत उभा होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, कोण पाहिजे. मागच्या खोल्या रस्त्यात जात नव्हत्या, त्या शाबूत होत्या. पायरीवर एक म्हातारी बाई मांडीवर मेथी घेऊन निवडत बसली होती. मी सांगितलं, दुष्काळात इथं कामाला होतो. तिनं चष्मा वर केला आणि बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे ते तुम्ही," ती म्हणाली. "टोपी घातलेले."

पळून जावंसं वाटलं, पण तिनं बसायला पाट सरकवला. ती नानाची बायको. निवृत्तीनंतर नानानं हेच मागचं घर विकत घेतलं होतं. नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती, माझ्यावर राग असल्यासारखं काही दिसेना. मग एक काडी मोडत म्हणाली, "त्या दिवसापासून त्यांनी मला हाक मारली नाही. घरातसुद्धा नाही. पाणी पाहिजे असलं की उठून यायचे आणि माझ्याजवळ नुसते उभे राहायचे. मी म्हणायची, मारा की हाक, इथं कोण आहे ऐकायला? मान हलवायचे."

मी मेथीची एक काडी उचलली.

"फोटो आहेत त्यांचे. आवाज कुठंच नाही. मुलांना तर आठवतही नाही कसा होता." मेथी बाजूला न ठेवताच ती पुढं वाकली. "तुम्हाला येतो ना अजून?"

अशी संधी माणसाला दोनदा मिळत नाही. 'विसरलो, वहिनी,' म्हणून उठलो असतो तर काम फत्ते झालं असतं. तो माणूस आवाजासकट गेला असता, कायमचा. 'इसरले' हा शब्द त्यानं माझ्या घरात आणला होता; तो त्याच्या घरात टाकून यायची हीच वेळ होती. माझ्या अगदी जिभेवर होता. पण ती बाई ओठ थोडे उघडे ठेवून थांबली होती, आणि असे थांबलेले ओठ मी एकदा रांजणापाशी पाहिले होते. शिवाय आईच म्हणाली होती, हाक गोड आहे. तिचं मी कधी मोडलं नाही.

मी 'च्च' केलं. तोंडात सुपारी नव्हती आणि दातही बेताचेच उरलेत. मान आधी वळवली, सुमननं शिकवली होती तशी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला हसवायचं नाही अशी ती हाक मारली. "अगंऽ, ऐकू येतंय का? तांब्या राहिला."

मेथी मांडीवरून खाली सांडली. "आलेऽ हो," ती म्हणाली, आणि खरंच उठली. भिंतीला धरत आत गेली. बांगड्या वाजल्या. तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर ठेवला, तेव्हा ऑफिसच्या उंबऱ्यावर ठेवायची तसाच.

मी पाणी प्यालो. त्याला मी माफ केलेलं नाही, तसं कुणी समजू नये. पण आईचं ते हुमान चुकलं. बोल धन्याच्या घरी माघारी आला, आणि तो पोचता करायला मलाच, त्याच्या दुश्मनालाच, तिसगावपर्यंत यावं लागलं. एवढं करून नाना पुन्हा वर आलाच. मी तांब्या पालथा घालून उठायला लागलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "बसा. अजून एकदा."

मी बसलो आणि पुन्हा मान वळवली.